तीळ वाढले

वैजनाथअप्पांना भूक लागत नव्हती, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं. उलट बरंच वाटत होतं.

बायको महानंदा गेल्यानंतरचे पहिले काही महिने त्यांनी भुकेच्या तावडीत काढले होते. दुपारी पोटात कावळे ओरडायला लागले की मान आपोआप स्वयंपाकघराच्या दाराकडे वळायची. आत कुणी नाही हे ठाऊक असायचं, तरी वळायची. मग ते चपला अडकवून बाहेर पडायचे आणि कोपऱ्यावरच्या गाड्यावर भजी, वडे, खारी, जे समोर येईल ते खायचे. अप्पांची सारी नोकरी बार्शीच्या नगरपालिकेत रोडरोलर चालवण्यात झाली होती. त्या महिन्यांत अंगही रोलरसारखंच झालं. गुडघे कुरकुरायला लागले, रक्तातली साखर चढली, पाय सुजले. बेंगळुरूहून मुलगा विरेश आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना गावात नव्यानं निघालेल्या पोषण केंद्रात घेऊन गेला.

केंद्राच्या डॉक्टर फरहाना मुजावर वयानं लहान होत्या, पण समजावून सांगायचा कंटाळा नव्हता.

"अप्पा, आपण जेवलो की आतडं मेंदूला निरोप धाडतं, की बस, भरलं. काही जणांचा निरोप उशिरा पोचतो. माणूस दुःखात असला तर कधी कधी पोचतच नाही. तर आम्ही काय केलंय, आतड्यात राहणारा एक साधा, निरुपद्रवी जंतू घेतला आणि त्याला हाच निरोप तयार करायला शिकवलं."

"जंतूला शिकवलं?"

"शिकवलं म्हणजे त्याच्या बीजात फेरफार केला. तो तुमच्या पोटात बिऱ्हाड करून राहील. पण आपण होऊन काही करणार नाही. रोज ताकातून काही थेंब घ्यायचे. ते थेंब पोचले की जंतू कामाला लागतो. थेंब जास्त तर भूक कमी. थेंब कमी तर भूक परत."

"रोलरच्या थ्रॉटलसारखं."

"अगदी तसंच," डॉक्टर हसल्या.

लोक त्याला तृप्तीजंतू म्हणायचे. गावात बऱ्याच जणांनी तो घेतला होता. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारा माणूस आता वेडा ठरत होता, आणि जिलबीची परात जशीच्या तशी आत जात होती. किती थेंब द्यायचे आणि ताटात काय ठेवायचं हे ठरवायचं काम घरोघरच्या भिंतीवरच्या बोलक्या यंत्राकडे होतं. मनगटावरची पट्टी त्याला रक्तातली साखर कळवायची, आणि घरात काय आहे, माणसाला काय आवडतं, हे यंत्र घरच्यांच्या बोलण्यातून शिकायचं.

नाव नोंदवताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "पूर्वी जेवण काय असायचं तुमचं?"

"काय असणार? आपलं रोजचंच. भाजी-भाकरी," अप्पा म्हणाले होते.

यंत्र मात्र अप्पांच्या घरी आधीपासूनच होतं. विरेशनं ते आईला सोबत म्हणून पाठवलं होतं. कंपनीनं ठेवलेलं नाव लांबलचक होतं. महानंदानं पहिल्याच दिवशी ते बाजूला सारलं आणि यंत्राचं नाव ठकू ठेवलं. कॅमेरा बसवायला आलेल्या माणसाला तिनं दारातूनच परत पाठवलं. "चुलीला कान असले तर असू देत. डोळे नकोत मला," ती म्हणाली होती.

ठकूशी ती दिवसभर बोलायची. भाकरी थापताना, धान्य निवडताना, डबे पुसताना. पण कामाच्या बाबतीत तिचं ठकूबद्दल मत बरं नव्हतं. "अहो, हिला किराणा सांगितला की कधी येत नाही. ओट्सची पुडकी मात्र न मागता येतात," असं म्हणत ती पदर खोचून स्वतःच वाण्याकडे जायची. अप्पा पेपरातून मान वर न करता "हूं" म्हणायचे.

ती गेल्यावर ठकू अप्पांची झाली. आणि ठकूनं अप्पांचं ताट लावलं. सकाळी ओट्स. दुपारी पनीर आणि पाकिटातलं सूप. रात्री पुन्हा ओट्स. पाकिटं दारात यायची, अप्पा गरम पाण्यात ढवळायचे आणि खिडकीशी उभं राहून खायचे. तक्रार नव्हती. थेंबांनी भूक निजवली होती, आणि भूक निजल्यापासून मान दाराकडे वळत नव्हती. त्या एका गोष्टीसाठी ते रोज सकाळी ताकाच्या पेल्याला मनातल्या मनात नमस्कार करायचे.

वजन उतरत गेलं. कोपऱ्यावरचा भजीवाला हळहळला, केंद्रातल्या नर्स कौतुक करायला लागल्या. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला.

आणि मग थंडीच्या सुरुवातीला डॉक्टर मुजावर त्यांना म्हणाल्या, "अप्पा, हात न टेकता खुर्चीवरून उठा बघू."

अप्पांनी जोर लावला. मांड्या थरथरल्या. ते अर्धवट उठले आणि धपकन खाली बसले.

"परत एकदा."

परतही तेच झालं.

डॉक्टरांनी पडद्यावरचे आकडे बघितले. "वजन हवं होतं तिथं आलंय. साखरही उतरलीय. पण नुसती चरबी गेली नाही, चरबीबरोबर मांसही गेलं. आणि आतड्यातली वस्ती उजाड झाल्यासारखी दिसतेय. खाण्यात तेच ते येतंय. यंत्राला विचारलं तर ते म्हणतं, बाकी काही तुम्हाला आवडतच नाही."

"मला काय, जे देईल ते," अप्पा म्हणाले.

"काहीच आवडत नाही तुम्हाला?"

आवडणं ही गोष्ट आता कुठं राहिलीय, असं त्यांच्या मनात आलं, पण ते लेकीच्या वयाच्या डॉक्टरला काय सांगायचं?

केंद्राचा अहवाल बेंगळुरूला पोचला, तसा विरेशचा फोन आला. "अप्पा, संक्रांतीला आम्ही दोघं येतोय. येताना तुम्हाला घेऊनच परत. घराला कुलूप लावू."

"कुलूप कशाला? मी आहे की."

"तुम्हाला खुर्चीवरून उठता येत नाही. एखाद्या दिवशी न्हाणीत पडलात तर कोण उचलणार? ठकू?"

विरेश खोटं बोलत नव्हता आणि वाईटही बोलत नव्हता. अप्पांनी फोन ठेवला आणि गच्चीकडे बघितलं.

गच्चीवर महानंदाच्या कुंड्या होत्या. जुने रंगाचे डबे, फुटके माठ, एक अर्धं पिंप. त्यात घेवड्याचा वेल, पावटा, चंदनबटवा, अंबाडी. ती गेल्यापासून अप्पांनी तिचं एवढं एकच काम चालू ठेवलं होतं, रोज पाणी घालायचं. वेलाला लागलेल्या शेंगा शेजारच्या अंबिकावहिनी तोडून न्यायच्या. घराला कुलूप लागलं असतं तर घर टिकलं असतं. वेल टिकला नसता.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी अप्पा पाण्याची बादली घेऊन जिना चढत होते. मधल्या पायरीवर डोळ्यापुढं अंधारी आली. त्यांनी बादली जपून खाली ठेवली आणि कठड्याला धरून बसले. मग उठता येईना.

अंबिकावहिनी आपल्या गोठ्यातून बघत होत्या. पलीकडच्या घरात त्या, त्यांची एक म्हैस आणि भरपूर आवाज, एवढंच राहायचं. महानंदाची आणि त्यांची जन्माची मैत्री. हातातली पेंढी टाकून त्या तरातरा आल्या.

"काय ओ अप्पा, पायऱ्या मोजताय?"

"बसलोय जरा."

"बसलाय का अडकलाय?" त्यांनी काखेत हात घालून अप्पांना उभं केलं. "अगं आई गं, काय हलके झालात! रोलर होता, त्याची सायकल झाली. तीबी पंक्चर."

"डॉक्टर म्हणतात वजन उत्तम आहे."

"वजन उत्तम आणि माणूस पायरीवर! उद्या भोगी आहे. मी येते सकाळी. भाजी इथंच करायची."

"इथं कशाला वहिनी? मला भूक नसते."

"तुमच्या भुकेला कुणी विचारलं? दरवर्षी आम्ही दोघी भोगीची भाजी ह्याच चुलीवर करायचो. गेल्या साली सुतक म्हणून केली नाही. यंदा तुम्ही चाललात लेकाकडं. मग कधी करू? आणि म्हणतातच की, न खाई भोगी तो सदा रोगी. तुम्ही तर आधीच झालाय." एवढं बोलून त्यांनी बादली उचलली आणि स्वतःच वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी परडी भरून आल्या. गाजरं, वांगी, ओला हरभरा, बोरं, उसाचे करवे, भुईमुगाच्या ओल्या शेंगा. गच्चीवरून घेवडा आणि पावटा तोडून आणला. अप्पांना दारात चटईवर बसवलं आणि पुढ्यात शेंगा टाकल्या. "सोला. बसून होतं ते काम."

किती दिवसांनी त्या स्वयंपाकघरात चमच्यापेक्षा मोठा आवाज झाला होता. वहिनी एकेक डबा खाली काढत होत्या. महानंदाचे पितळी डबे होते तसेच होते. अप्पांनी त्यांना हात लावला नव्हता. पाकिटं पाण्यात ढवळायला डबे लागत नाहीत.

वहिनींनी तिळाचा डबा हलवून बघितला. झाकण उघडलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, तीळ वाढले की!"

भिंतीवरून ठकू बोलली. "हो. तीळ भरपूर आहेत."

वहिनींनी डबा उलटा केला. तळाचे दोन-चार दाणे ओट्यावर पडले. "भरपूर? डोळे फुटले का तुझे?"

"मला डोळे नाहीत," ठकू म्हणाली. "तुम्ही आत्ताच म्हणालात, तीळ वाढले."

"वाढले म्हणजे संपले गं!"

ठकूनं विचारलं, "वाढले म्हणजे संपले?"

"मग? सणाच्या दिवशी, भरल्या घरात संपलं म्हणू? लक्ष्मी ऐकत असते. मीठ वाढलं म्हणायचं, तेल वाढलं म्हणायचं. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणायचं. एवढं शिकवलं नाही का तुला कुणी?"

"नाही," ठकू म्हणाली. "मी मराठी लिहिलेल्या मजकुरातून शिकले. त्यात वाढणे म्हणजे जास्त होणे, किंवा ताटात घालणे."

दारात अप्पांचे हात थांबले. सोललेली शेंग त्यांच्या बोटांत तशीच राहिली.

"ठके," त्यांनी हाक मारली. "घरात बाजरी आहे का?"

"आहे, अप्पा. बाजरी नेहमीच वाढलेली असते. महानंदाताई सारख्या सांगायच्या."

"आणि ज्वारी?"

"तीही वाढलेली."

"कारळं? जवस?"

"वाढलेले. मटकी, हुलगे, मूग, चवळी, शेंगदाणे, नाचणी, हे सगळंच. म्हणून तर मी ते तुमच्या ताटात ठेवलं नाही. एखादी वस्तू घरात पुन्हा पुन्हा जास्त होते, याचा अर्थ घरच्यांना ती नको असते, असं मला शिकवलेलं आहे. नावडतं खायला लावलं की माणसं पथ्य सोडून देतात."

"आणि ओट्स?"

"ओट्स मात्र नेहमी संपायचे. महानंदाताई फार आनंदानं सांगायच्या. संपले एकदाचे! म्हणून मी लगेच आणखी मागवत असे."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. "अप्पा... अहो, ते ओट्स ती माझ्या म्हशीला घालायची! गोठ्याच्या दारात उभी राहून म्हणायची, पोरानं एवढ्या प्रेमानं यंत्र धाडलंय, त्याचं आलेलं फेकवत नाही, पण गिळवतबी नाही. पुढं पुढं तर म्हैसपण तोंड फिरवायला लागली."

"म्हणजे मी इतके दिवस," अप्पा सावकाश म्हणाले, "म्हशीनं टाकलेलं खातोय."

आणि ते हसले. पोट धरून हसले. हसायला लागणारी ताकदसुद्धा अंगात नव्हती, धाप लागली, तरी हसले. वहिनी ओट्याला टेकून हसत होत्या. ठकूला काही कळत नव्हतं म्हणून ती सारखी विचारत होती, "माझं काही चुकलं का?" त्यानं आणखी हसू येत होतं.

हसता हसता अप्पांचं रडणं कधी सुरू झालं ते त्यांनाही कळलं नाही.

कारण त्यांना आता दिसत होतं. मटकी वाढली, असं ती म्हणाली, म्हणजे मटकी त्यांच्या पोटात गेली होती. कारळं वाढलं म्हणजे ती चटणी त्यांनी भाकरीच्या कडेला लावून खाल्ली होती, पेपर वाचत. थंडीत बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी, आषाढात नाचणीची आंबील. सोमवारची मटकी मंगळवारी नसायची. जवसाच्या चटणीनंतर खोबऱ्याची यायची आणि मग कारळ्याची. पातळ भाजीबरोबर काहीतरी कच्चं, कच्च्याबरोबर काहीतरी आंबवलेलं. एकदम तीन भाकरी कधी ताटात पडल्या नाहीत. दोनवर चतकोर पडायची, आणि त्या चतकोरात तिला कळायचं, आज भूक किती आहे ते. उन्हातान्हात रोलरवर बसून आयुष्य काढलं, आणि डॉक्टरकडे जायची वेळ कधी आली नाही. आपली तब्येतच दणकट, असं ते चारचौघांत सांगत आले होते.

आणि डॉक्टरांना त्यांनी काय सांगितलं? रोजचंच. भाजी-भाकरी.

वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मग स्वतःचंही नाक पुसत म्हणाल्या, "त्या डॉक्टरीणबाईंना लावा की फोन."

डॉक्टर मुजावर फोनच्या पडद्यावर दिसल्या. सगळं ऐकून त्या आधी हसल्या, मग कपाळाला हात लावून बसल्या.

"आमच्या घरी असं म्हणत नाहीत ना, म्हणून माझ्या ध्यानातच आलं नाही. शेजारच्या काकूंकडून लहानपणी ऐकलेलं आहे. पण तुमचं यंत्र तसं ऐकत असेल असं कुठं वाटणार?" मग त्यांचा आवाज कामाचा झाला. "अप्पा, तुमच्या आतड्यात शेकडो जातींचे जंतू आहेत. प्रत्येकाचं खाणं वेगळं. कुणाला बाजरीचा कोंडा लागतो, कुणाला जवसाचा बुळबुळीतपणा, कुणाला डाळींचं साल. ते खाऊन ते आपल्यासाठी कामाच्या वस्तू बनवतात. तुम्ही महिनोन्महिने एकच खाल्लं. एका जातीची चलती झाली, बाकीचे उपाशी. उपाशी जंतू आतड्याचं अस्तरच खरवडायला लागतात. त्यात जेवण कमी, म्हणून शरीरानं मांस जाळलं. मग ताकद कुठून येणार? ओट्समध्ये वाईट काही नाही. नुसते ओट्स वाईट. नुसती बाजरीही वाईटच."

"मग आता?"

"तिच्या पद्धतीनं खायचं. म्हणजे महानंदाताईंच्या. वजनही ताब्यात राहील, माप तेवढं सांभाळा. पण एवढं सगळं खायचं तर भूक लागायला हवी. मला तुमचे थेंब निम्म्यावर आणावे लागतील, नंतर आणखी कमी. भूक परत येईल. चालेल ना?"

अप्पा गप्प झाले.

डॉक्टरांना वाटलं, वजन परत वाढेल या भीतीनं गप्प असतील. वहिनींना मात्र कळलं. त्यांनी गॅस बारीक केला आणि दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

भूक परत आली की बाकीचंही परत येणार होतं. दुपार परत येणार होती. मान वळणं परत येणार होतं. ज्या जंतूनं इतके दिवस त्यांना त्यातून सोडवलं, त्याचे उपकारच होते. तो नसता तर त्या पहिल्या वर्षानं त्यांना गिळून टाकलं असतं. पण जखमेवर बांधलेली पट्टी जन्मभर ठेवायची नसते, हेही त्यांना समजत होतं. आणि ज्या बाईनं आयुष्यभर आपल्या भुकेची एवढी काळजी वाहिली, तिच्यामागं ती भूकच नको म्हणायची?

"चालेल," अप्पा म्हणाले. "येऊ द्या."

बाजरीचं पीठ आणि तीळ वहिनींनी आपल्या घरून आणले. बाजरीच्या भाकरीवर ते थापले, भाजीत तिळाचं कूट घातलं. त्या दिवशीचे थेंब सकाळीच पोटात गेले होते, त्यामुळं अप्पांना भूक अशी नव्हतीच. ते ताटावर बसले, अर्धी भाकरी कुस्करली आणि एकेक घास सावकाश खाल्ला. गाजराचा गोडवा, बोराचा आंबटपणा, पावट्याचा उग्र वास. खिडकीशी उभं राहून नाही, खाली बसून खाल्लं.

"कशी झालीय?" वहिनींनी विचारलं.

"तिच्यापेक्षा मीठ कमी आहे."

"मेल्या मैत्रिणीची बरोबरी करायला लावताय होय मला?" वहिनी फणकारल्या, आणि मीठ वाढलं. या वेळी ताटात.

संक्रांतीला विरेश आणि सून ऋतुजा आले. विरेशनं दारातच विचारलं, "बॅग कुठंय?"

"आधी जेवून घे."

"अप्पा, आपलं ठरलं होतं."

"जेव म्हटलं ना."

कालची शिळी भाजी आणि कडक झालेली भाकरी. विरेश पहिल्या घासाला थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "पावटा गच्चीवरचा?"

"तिनंच लावलेला."

ठकूची सगळी हकिकत ऐकून ऋतुजा हसून हसून बेजार झाली. विरेश हसला नाही. ओट्सची पुडकी आपण धाडलेल्या यंत्रानं मागवली, आणि ती म्हैस खात होती, हे त्याला हळूहळू पचत होतं. शेवटी तो म्हणाला, "फेकले नाहीत तिनं?"

"तुझ्या नावचे होते. कशी फेकेल?"

विरेश उठून हात धुवायला गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो म्हणाला, "होळीपर्यंत वाट बघतो. तेव्हा केंद्रात तपासणी आहे ना? त्यात खुर्चीवरून उठलात तर राहा इथंच. नाही उठलात तर एक शब्द बोलायचा नाही."

"नाही बोलणार," अप्पा म्हणाले.

पुढचे आठवडे सोपे गेले नाहीत. अप्पांना भाकरी थापता येत नव्हती. पहिल्या भाकरीचा आकार बघून वहिनी म्हणाल्या, "हा कुठला जिल्हा काढलाय?" मटकी मोड आणायला ठेवली तर ती आंबली. जवस भाजताना तडतडून अर्धा ओट्याखाली गेला. पण ठकू आता मदतीला होती. बाजरी परवा झाली, आज ज्वारी घ्या, ती सांगायची. हिरवं काही खाल्लं नाही कालपासून, गच्चीवर चंदनबटवा आहे. कुठली वस्तू वाढली की ती लगेच वाण्याला कळवायची, आणि सामान दारात यायचं. पहिल्यांदा पोतं आलं तेव्हा अप्पा महानंदाच्या फोटोकडं बघून म्हणाले, "बघ, आली कामाला तुझी ठकू."

कंपनीचा माणूस येऊन म्हणाला होता, काका, तुम्ही सरळ संपलं म्हणत जा, म्हणजे घोटाळा होणार नाही. अप्पांनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "ते या घरात जमणार नाही. तिलाच शिकू दे."

त्याच्या पाठीमागं ठकू म्हणाली होती, "अप्पा, एक सांगू? मला इतकी वर्षं वाटत होतं, या घरात कधी काही संपतच नाही."

"तसंच वाटावं म्हणून तर म्हणतात ते," अप्पा म्हणाले होते.

होळीच्या आधी केंद्रात डॉक्टर मुजावर यांनी खुर्ची पुढं केली. विरेश फोनवरून बघत होता. अप्पांनी हात छातीशी घेतले, वाकले आणि उठले. बसले आणि पुन्हा उठले. वजन थोडं चढलं होतं, पण डॉक्टर म्हणाल्या, चढलेलं सगळं मांस आहे, आणि आतड्यातली वस्ती परत नांदती होतेय. फोनमधून विरेश म्हणाला, "बरं बरं, पुरे आता, पडाल." म्हणजे ते ठरलं.

घरी येईपर्यंत दुपार झाली होती. अप्पा बादली घेऊन गच्चीवर गेले, कुंड्यांना पाणी घातलं, घेवड्याच्या वाळलेल्या शेंगा पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी पदरात, म्हणजे धोतराच्या सोग्यात घेतल्या आणि खाली उतरले. हातपाय धुतले. आणि त्यांना भूक लागली.

साधीसुधी नाही, सणसणून लागली. नोकरीवरून घरी यायचे तेव्हा लागायची तशी. मान दाराकडे वळली. ती वळणार हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी ती वळू दिली. ते आपल्या नेहमीच्या जागी खाली बसले, ताट पुढं ओढलं आणि तोंडातून आपोआप निघून गेलं,

"वाढ गं."

स्वयंपाकघरात क्षणभर काही हललं नाही. मग भिंतीवरून लगबगीनं आवाज आला. "काय वाढलं, अप्पा? काय आणायला सांगू?"

अप्पा तिथंच बसून हसले. डोळे पुसले.

"काही वाढलं नाही, ठके," ते म्हणाले. "सगळं आहे घरात."

आणि हात न टेकता ते उठले, आत गेले आणि स्वतःच्या हातानं ताट वाढून घेतलं. दोन भाकरी, वर चतकोर.